बाबांची जनता व्हिंटेज झाली का?

वाचकांचे प्रश्न : मनगटी घड्याळं

प्रश्न : बाबांनी १९७४ ला पहिल्या पगारातून एचएमटी जनता घेतली, ती अजून चालते, सकाळी चावी दिली की दुसऱ्या दिवशीपर्यंत बघायला नको. दादाने तेच मॉडेल २०१३ मध्ये नवीन घेतलं होतं. आता तो म्हणतो कंपनीच बंद झाली म्हणजे दोन्ही व्हिंटेज, मी म्हणते असं कसं. नक्की किती वर्षं झाली की व्हिंटेज म्हणायचं? – एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे. बाबांची जनता व्हिंटेज, दादाची अजून नाही.

घड्याळासाठी सरकारी नियम असा काही नाही. गाड्यांसाठी आहे, २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज धरतात. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे त्यात साधारण १०० वर्षं लागतात. घड्याळवाल्यांमध्ये मात्र कोणी २५ म्हणतं कोणी ३०, आणि काही कट्टर मंडळी क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारी घड्याळं यायच्या आधीचं तेवढंच मानतात. मी स्वतः ३० धरतो, कारण तेवढ्या काळात घड्याळ बहुतेक वेळा ज्याने घेतलं त्याच्या हातातून मुलांच्या हातात आलेलं असतं, आणि त्याचे नवे पार्ट मिळणं अवघड होऊन बसतं.

पण ३० हा आकडा धरून बसू नका. व्हिंटेज हा शब्द आलाय द्राक्षावरून, अमुक सालच्या तोडणीची वाइन असा त्याचा मूळ अर्थ. तुम्ही तासगावच्या, तुम्हाला वेगळं काय सांगू, एकाच बागेतला गेल्या सालचा माल आणि यंदाचा माल सारखा नसतो. म्हणजे प्रश्न किती जुनं हा नाहीच, प्रश्न आहे कुठल्या सालचं, आणि त्या सालचं अजून कितपत शिल्लक आहे.

एचएमटीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळाचा कारखाना उभा राहिला आणि जनता हे मॉडेल पुढे कित्येक दशकं निघत राहिलं, तेच १७ ज्वेल्सचं (झीज कमी व्हावी म्हणून आत बसवलेले बारीक खडे) चावीचं मशीन, तोच साधा चेहरा. जानेवारी २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी बंद करायला मंजुरी दिली. म्हणून जनता हे मॉडेल व्हिंटेज आहे असं म्हणता येत नाही, व्हिंटेज असतो तो तुमच्या हातातला एक नग. कंपनी बंद झाली की घड्याळ दुर्मिळ होतं, जुनं होत नाही. दादाचं घड्याळ नीट जपा, त्याचीही वेळ येईल.

एक काम मात्र आजच करा. बिल किंवा गॅरंटी कार्ड कुठे ट्रंकेत असेल तर शोधा, नसेल तर त्या काळातला फोटो ज्यात बाबांच्या मनगटावर ते दिसतंय, आणि बाबांना विचारून कुठल्या दुकानातून, कितीला, कुठल्या महिन्यात घेतलं ते एका कागदावर लिहून घड्याळासोबत ठेवा. लोक मशीन जपतात आणि ही माहिती हरवून बसतात, मला याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : ऑनलाइन एक फाव्र-ल्यूबा घेतलं, १९६० च्या दशकातलं ओरिजिनल स्विस व्हिंटेज म्हणून. १८०० रुपयांना मिळालं. डायल निळीभोर, एकदम नव्यासारखी. मित्र म्हणतो फसलास. खरंच फसलो का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मशीन त्या काळातलं असू शकतं. फाव्र-ल्यूबाचं मुंबईशी नातं १८६५ पासूनचं, त्यामुळे आपल्याकडे त्यांचा जुना माल भरपूर आहे, घराघरातून निघतो. पण ५०-६० वर्षं झालेली डायल निळीभोर आणि नव्यासारखी असेल तर ९९ टक्के ती रिडायल आहे, म्हणजे जुना रंग खरवडून काढून त्यावर नवा रंग आणि नवी छपाई. हे आपल्याकडे इतकं झालंय की परदेशातले घड्याळप्रेमी अशा नगाला सरळ 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव अशा गोष्टीला चिकटावं हे मला मनापासून लागतं, कारण याच मुंबईत असे घड्याळजी होते आणि आहेत की जे वाकलेला बॅलन्स, म्हणजे मशीनमधलं डोलणारं चाक, हाताने सरळ करून देतात.

भिंग घेऊन बघा. अक्षरांच्या कडा फुगलेल्या किंवा जाड-बारीक आहेत का, मिनिटांच्या रेषांमधलं अंतर सारखं आहे का, ६ च्या खाली बारीक अक्षरात स्विस मेड असतं ते गायब आहे किंवा वाकडं आहे का, बसवलेल्या आकड्यांच्या मुळाशी रंग साचलाय का. मिनिटकाटा मिनिटांच्या रेषेपर्यंत पोचायला हवा, अलीकडेच थांबत असेल तर काटे दुसऱ्या कुठल्या घड्याळाचे आहेत.

असं घड्याळ मी व्हिंटेज म्हणत नाही, व्हिंटेज पार्ट घालून जुळवलेलं घड्याळ म्हणतो. रोज घालायला हरकत नाही, पण व्हिंटेज म्हणून पुढे कोणाला विकू नका.

हे मी इतकं कळवळून सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या वडिलांचं घड्याळ मी एकदा सर्व्हिसिंगला टाकलं आणि चांगलं चकाचक करून द्या एवढंच म्हणालो. परत आलं ते पांढऱ्याशुभ्र डायलचं. आधीची पिवळसर झालेली होती, ३ च्या बाजूला एक डाग होता, लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी त्या डागावर बोट ठेवायचो. घड्याळ वेळ अचूक दाखवतं, पण ते बघितल्यावर वडील आठवत नाहीत. म्हणून घड्याळजीकडे देताना स्पष्ट सांगा, पावतीवर लिहून घ्या, डायलला हात लावायचा नाही, केसला म्हणजे बाहेरच्या कवचाला पॉलिश नको, बदललेला प्रत्येक पार्ट परत हवा.

प्रश्न : सेलवालं घड्याळ व्हिंटेज होऊ शकतं का? माझ्याकडे १९९० चं टायटन आहे.

उत्तर : होऊ शकतं. पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, सेइकोचं अॅस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ ला आलं, म्हणजे क्वार्ट्झलाच आता पन्नाशी उलटून गेलीये. टायटनची घड्याळं १९८७ पासूनची, त्यामुळे तुमचं पहिल्या काही वर्षांतलं आहे. घालत नसाल तर सेल काढून ठेवा, गळला की सर्किट खातो.

प्रश्न : आजोबांच्या स्विस घड्याळाचे काटे रात्री चमकायचे, आता अजिबात नाही. नवीन रेडियम भरून घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, प्लीज. डायलच्या तळाशी स्विसच्या दोन्ही बाजूंना 'टी' अक्षर दिसतंय का बघा, असेल तर ते ट्रिटियम, रेडियमसारखाच काटे चमकवायला वापरलेला किरणोत्सर्गी पदार्थ. ते सुमारे १२ वर्षांत अर्धं होतं, म्हणजे चमक जाणं हे वयाचंच लक्षण. 'टी' नसेल आणि घड्याळ १९६० च्या दशकातलं किंवा आधीचं असेल तर खरंच रेडियम असू शकतं. चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग शेकडो वर्षं जात नाही, तर घरी उघडू नका आणि काटे खरवडू तर अजिबात नका.

प्रश्न : मामाने कुवेतहून आणलेलं सेइको ५ मला दिलंय. मागे ७००९ ने सुरू होणारा नंबर आहे आणि वेगळा सहा आकडी नंबर ८२ ने सुरू होतो. यावरून साल कळतं का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कळतं, आणि सेइकोची ही पद्धत मला फार आवडते. ७००९ हा मशीनचा नंबर. सहा आकडीतला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. म्हणजे तुमचं फेब्रुवारीतलं, आणि साल ८ ने संपणारं. १९६८ असू शकत नाही कारण तेव्हा ७००९ आलंच नव्हतं, १९९८ पर्यंत सेइको ५ मध्ये नवं ७एस२६ मशीन आलेलं. राहिलं १९७८ किंवा १९८८, आणि दोन्हीकडून ३० वर्षं कधीच झाली. आता ते दोनातलं कुठलं हे मामांनाच विचारा, आणि त्यांना आठवत नसेल तर त्यांचा जुना पासपोर्ट काढायला सांगा, कुवेतचे शिक्के तारखेसकट त्यात असतील.