व्हिडिओ कॉलवर अश्लील वर्तन : घरून काम करणाऱ्या डॉक्टरने काय करावे?

प्रश्न : मी एमबीबीएस डॉक्टर आहे. साताऱ्यात घरी बसून एका ऑनलाइन कंपनीसाठी व्हिडिओ कॉलवर रुग्ण तपासते. करारात मी ‘सल्लागार’ आहे. गेल्या तीन आठवड्यांत एकाच माणसाने वेगवेगळ्या नावांनी चार वेळा अपॉइंटमेंट घेऊन कॅमेऱ्यासमोर अश्लील चाळे केले. दोनदा मी कॉल कापला, तर कंपनीने मानधनातून पैसे कापले. तक्रारीवर ‘तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, दुर्लक्ष करा’ असे उत्तर आले. आता प्रत्येक कॉल घेताना धडधडते. रुग्णाची गोपनीयता मोडेल म्हणून पोलिसांकडे जायला भीती वाटते. काय करू?

उत्तर : डॉक्टर, कॉल कापून तुम्ही रुग्णाला वाऱ्यावर सोडलेत, ही बोचणी आधी मनातून काढून टाका. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार सल्ला कोणत्याही टप्प्यावर थांबवण्याचा अधिकार डॉक्टरला आहे. निनावी सल्लामसलतही तिथे मान्य नाही. रुग्णाची ओळख पटलीच पाहिजे. एकच माणूस चार नावांनी तुमच्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा उत्तर कंपनीने द्यायचे असते. तिने उलट तुमचेच पैसे कापले, याची मला मनापासून चीड आली.

‘कर्मचारी नाही’ हा बचाव वाटतो तेवढा भक्कम नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात पीडित महिलेची व्याख्या करताना ती ‘नोकरीत असो वा नसो’ असे स्पष्ट म्हटले आहे. कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कंत्राटी, तात्पुरत्या, अगदी बिनपगारी काम करणाऱ्या व्यक्तीही येतात. कामाच्या ठिकाणात राहते घरही धरले आहे. ही तरतूद मुख्यतः घरकामगार महिलांना डोळ्यांसमोर ठेवून आली असली, तरी ज्या खोलीतून तुम्ही कंपनीचे रुग्ण तपासता ती खोली यातून वगळावी, असे मला मुळीच वाटत नाही. कलम १९ प्रमाणे कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणे आणि तुम्हाला पोलिसांत जायचे असेल तर मदत करणे, ही मालकाची कर्तव्ये आहेत.

तेव्हा कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत ही समिती सक्तीची आहे. त्याहून लहान आस्थापना असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची. समिती त्या माणसाला तुरुंगात पाठवू शकत नाही, तो तिचा अधिकार नाही. पण तुमची तक्रार नोंदीवर आली की कंपनीला ‘दुर्लक्ष करा’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

शिक्षेचा मार्ग पोलिसांकडूनच जातो. भारतीय न्याय संहितेचे कलम ७९, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे हावभाव किंवा कृती, इथे लागू पडते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. स्पष्ट नकारानंतरही तो पुन्हापुन्हा संपर्क साधत राहिला, म्हणून पाठलागाचे कलम ७८ सुद्धा लावायला सांगा. तो कुठल्या गावचा आहे हे माहीत नसले तरी साताऱ्यातल्या ठाण्यात फिर्याद देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. अशा गुन्ह्यात फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. ऑनलाइन माहिती दिलीत, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा तुम्हाला कुणीतरी सुचवेल. त्याची भाषा वैद्यकीय संस्थेत कर्तव्य बजावताना होणाऱ्या हिंसेची आहे. घरातल्या व्हिडिओ कॉलसाठी मी त्यावर भिस्त ठेवणार नाही.

आता गोपनीयता. उपचार करताना कळलेली रुग्णाची गुपिते राखण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहेच. पण त्याने तुमच्याविरुद्ध केलेला गुन्हा हे त्याचे वैद्यकीय गुपित नव्हे. पोलिसांना कृत्य, तारीख, वेळ, बुकिंग क्रमांक आणि त्याने सांगितलेली नावे द्या. आजार किंवा औषधे याबद्दल मात्र न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय बोलू नका. मोबाइल नंबर आणि लॉग-इनची माहिती पोलीस कंपनीकडून नोटीस देऊन मागवतील.

स्क्रीनशॉट किंवा रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाइल ज्या उपकरणात आहे तिथेच ठेवा, पुसू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि तेव्हा मूळ उपकरण कामी येते. ती क्लिप डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सावध राहा’ म्हणूनही टाकू नका. अश्लील मजकूर पसरवल्याचा माहिती तंत्रज्ञान कायद्याचा ठपका उलट तुमच्यावर यायचा.

या धडधडीकडे काणाडोळा करू नका. तुम्ही स्वतः डॉक्टर असलात तरी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि केसपेपरवर कारणासह नोंद करून घ्या. पुढे नुकसानीचा मुद्दा निघाला, तर हाच कागद लागेल.

कापलेल्या पैशांची मागणी वेगळ्या ईमेलने करा, लैंगिक छळाच्या तक्रारीत मिसळू नका. करारातले कपातीचे कलम जसेच्या तसे मला पाठवा, ते पाहून नोटिशीचा मसुदा करून देते.