अँटिबॉडी नसताना फळमाशीची अळी परजीवी गांधीलमाशीपासून कशी वाचते?

आधी एक खुलासा. आंब्याच्या बागेत सापळे लावून पकडतात ती फळमाशी वेगळी. मी सांगतोय ते पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटाबद्दल, म्हणजे ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टरबद्दल. एमएस्सीला असताना प्रयोगशाळेत मी हीच पाळत होतो.

लेप्टोपिलिना ही जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशी चिलटाच्या अळीला सुईसारखी नळी टोचते आणि आत अंडं सोडते. अळीच्या रक्तातल्या बहुतेक पेशी जिवाणू गिळणाऱ्या, पण एवढं मोठं अंडं एका पेशीला गिळवत नाही. त्यासाठी लागतात लॅमेलोसाइट नावाच्या मोठ्या, चपट्या पेशी. निरोगी अळीत त्या जवळजवळ सापडतच नाहीत! अंडं आत आलं की मगच त्या घडायला लागतात, काही लसिका ग्रंथीतल्या, म्हणजे अळीच्या रक्तपेशी घडवणाऱ्या अवयवातल्या, अपक्व पेशींपासून, काही रक्तात फिरणाऱ्या पेशींचंच रूप पालटून. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्यांचे थर अंड्याभोवती बसतात. मग फिनॉलऑक्सिडेज हे विकर कामाला लागतं आणि कवच मेलॅनिनने काळं होतं. चिरलेलं वांगं काळं पडतं, ती याच जातीची क्रिया. अंडं आतल्या आत मरतं. हे सगळं उरकायला अळीच्या हातात साधारण दोनच दिवस असतात. तेवढ्यात अंडं फुटलं तर आतून अळीच खाल्ली जाते.

वाचलेल्या माशीच्या पोटात तो काळा ठिपका पुढेही राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी बराच वेळ नजर हलवली नव्हती.

गांधीलमाश्याही कमी नाहीत. लेप्टोपिलिना हेटेरोटोमाचं विष लॅमेलोसाइटच नष्ट करतं. असोबारा टॅबिडाची अंडी चिकट असतात. ती चरबीच्या ऊतीत रुतून बसतात, त्यामुळे पेशींना चारी बाजूंनी वेढा घालता येत नाही.

मग सगळ्याच माश्या पक्क्या प्रतिकारक्षम का झाल्या नाहीत? मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. क्राइव्हेल्ड आणि गॉडफ्रे या संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असोबाराच्या हल्ल्यातून वाचलेल्या माश्यांचीच पैदास पुढे चालू ठेवली. पाच पिढ्यांत वाचणाऱ्यांचं प्रमाण 5 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलं. पण खाणं अपुरं पडू लागलं, की याच चिवट माश्यांच्या अळ्या साध्या अळ्यांपुढे मागे पडत होत्या.