प्रश्न तुमचे : एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर माहिती कशी न्यावी?

प्रश्न : मी लातूरच्या मार्केट यार्डातील एका आडत दुकानासाठी कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत अँड्रॉइड ॲप तयार केले आहे. पहिल्या स्क्रीनवर दिवसभराच्या पट्ट्यांची (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांची) यादी दिसते आणि एखाद्या पट्टीवर बोट ठेवले की दुसऱ्या स्क्रीनवर शेतकऱ्याचे नाव, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि काट्याच्या पावतीचा फोटो दिसतो. ही सगळी माहिती मी फोटोसह इंटेंटमधून (दुसरी स्क्रीन उघडण्यासाठी अँड्रॉइडला दिलेल्या संदेशातून) पुढे पाठवत होतो. चाचणीत ॲप नीट चालले. पण सोयाबीनची आवक वाढली आणि ते मध्येच बंद पडू लागले. मित्राच्या सल्ल्याने मी माहिती एका ग्लोबल ऑब्जेक्टमध्ये (ॲपमध्ये कोठूनही वाचता येणाऱ्या, मेमरीतल्या वस्तूत) ठेवली, तर आता कॅमेरा वापरून परत आल्यावर कधी कधी दुसरी स्क्रीन रिकामी दिसते. काय करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे : माहिती कोठे राहावी हे न ठरवता ती कशी पोहोचवावी एवढाच विचार झाला आहे.

आधी ॲप बंद पडण्याबद्दल. इंटेंट थेट दुसऱ्या स्क्रीनकडे जात नाही. तो बाइंडर या यंत्रणेतून अँड्रॉइडकडे जातो आणि तेथून परत येतो. बाइंडरसाठी प्रत्येक प्रोसेसला (म्हणजे मेमरीत चालू असलेल्या ॲपला) साधारण १ एमबी जागा मिळते आणि त्या वेळी चालू असलेले सगळे व्यवहार तीच जागा वाटून घेतात. १०८० गुणिले १९२० पिक्सेलचा फोटो बिटमॅप म्हणून मेमरीत उघडला, की दर पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने त्याचे सुमारे ८ एमबी होतात. मग त्याला तेथे जागा कोठून मिळणार? चाचणीतले फोटो लहान आणि पट्ट्या मोजक्या असल्यामुळे हा दोष तेव्हा लपून राहिला असावा. लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या घडामोडींच्या नोंदवहीत) ‘ट्रान्झॅक्शन टू लार्ज एक्सेप्शन’ दिसते का ते पाहावे. स्क्रीनची स्थिती जतन करतानाही हीच मर्यादा लागू होते, त्यामुळे काही वेळा ॲप पुढची स्क्रीन उघडताना नव्हे, तर होम बटण दाबून ते मागे टाकल्यावर बंद पडते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. अँड्रॉइड ७.० च्या आधी अशा वेळी लॉगमध्ये नुसती सूचना येत असे. त्या आवृत्तीपासून ॲप सरळ बंद पडते.

ग्लोबल ऑब्जेक्टचा सल्ला देणारे मित्र प्रत्येक गावात असतात आणि त्यांच्या स्वतःच्या फोनवर तो सल्ला चालतोही. कॅमेरा उघडला, मेमरी कमी पडली, की अँड्रॉइड मागे राहिलेल्या ॲपची प्रोसेस संपवू शकते. आपण परत येता तेव्हा शेवटची स्क्रीन पुन्हा उभी केली जाते आणि तिचा मूळ इंटेंटही तिला परत मिळतो. ग्लोबल ऑब्जेक्ट मात्र प्रोसेसबरोबर गेलेला असतो. व्ह्यूमॉडेलही (स्क्रीनची माहिती मेमरीत सांभाळणारा भाग) फोन आडवा केल्यावर टिकते, प्रोसेस संपल्यावर टिकत नाही.

म्हणून पट्टीची सर्व माहिती रूम या फोनमधील डेटाबेसमध्ये ठेवावी, फोटो ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून जतन करून नोंदीत केवळ त्याचा पत्ता लिहावा आणि इंटेंटमधून पट्टीचा आयडी तेवढा पाठवावा. शेतकरी गादीवर हिशेबाला येतो तो हातात पट्टी घेऊन. पोती खांद्यावर घेऊन कोणी येत नाही. दुसऱ्या स्क्रीनने तो आयडी घेऊन नोंद स्वतः वाचावी. व्ह्यूमॉडेल वापरत असल्यास ‘सेव्ह्ड स्टेट हँडल’मधून (जतन केलेल्या स्थितीतून) आयडी मिळतो आणि प्रोसेस संपली तरी तो हरवत नाही.

यात आणखी एक लाभ आहे, आणि आडतीच्या व्यवहारात मला तोच अधिक मोलाचा वाटतो. इंटेंटमधून गेलेली वस्तू ही प्रत असते. समजा, दुसऱ्या स्क्रीनवर चुकून पडलेला ४,३५० हा भाव दुरुस्त करून ४,५३० केला, तर पहिल्या स्क्रीनच्या यादीत जुनाच भाव दिसत राहील आणि दोन आकड्यांपैकी खरा कोणता यावर दुकानात वाद होईल. दोन्ही स्क्रीन रूममधील एकच नोंद फ्लोच्या (बदल होताच नवी माहिती देणाऱ्या प्रवाहाच्या) रूपाने वाचत असतील, तर दुरुस्ती जतन होताच यादीही बदलते. निकाल मागे पाठवण्यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही.

बदल केल्यावर चाचणी अवश्य घ्यावी. डेव्हलपर ऑप्शन्समधील ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ येथे पुरेसे नाही, कारण त्यात ॲक्टिव्हिटी (म्हणजे स्क्रीन) नष्ट होते पण प्रोसेस जिवंत राहते, आणि ग्लोबल ऑब्जेक्टचा दोष झाकलेलाच राहतो. दुसरी स्क्रीन उघडी असताना होम बटण दाबावे, संगणकावरून ‘एडीबी शेल एएम किल’ (adb shell am kill) आणि पुढे पॅकेजचे नाव ही आज्ञा द्यावी, आणि अलीकडील ॲपच्या यादीतून ॲप पुन्हा उघडावे. पट्टी पूर्ण दिसली तर काम झाले.

प्रश्न : कृषी सेवा केंद्राच्या उधारीसाठी मी फ्लटरमध्ये (ॲप बनवण्याच्या एका साधनात) ॲप करत आहे. ग्राहक निवडण्याची स्क्रीन वेगळी आहे. ग्राहक निवडला की सर्व ठीक चालते. न निवडता मागे आले की लाल एरर येते. फ्लटरलाही वरच्यासारखी १ एमबीची मर्यादा आहे का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : मर्यादा नाही. फ्लटरच्या स्क्रीन एकाच मेमरीत राहतात आणि कन्स्ट्रक्टरमधून (स्क्रीन तयार करतानाच) दिलेली वस्तू बाइंडरमधून जात नाही. एररचे कारण वेगळे आहे. ‘नॅव्हिगेटर पुश’समोर अवेट लिहून आपण निकालाची वाट पाहता, ग्राहक निवडल्यावर ‘पॉप’ तो निकाल देतो, परंतु वापरकर्ता मागच्या बाणाने परतला तर हाती नल (रिकामे मूल्य) येते. निकालाचा प्रकार नल स्वीकारणारा ठेवावा आणि नल आल्यास पूर्वीचा ग्राहक तसाच राहू द्यावा. तसेच अवेटनंतर ‘सेट स्टेट’ (स्क्रीन नव्याने दाखवण्याची आज्ञा) करण्यापूर्वी ‘माउंटेड’ तपासावे, कारण तोपर्यंत पहिली स्क्रीनच बंद झालेली असू शकते.