एलिमिनेशन नाही, मग बघायचं कशाला?

प्रश्न : आमच्या घरी रिअ‍ॅलिटी शो सगळे मिळून बघतो. ‘आज कोणीच बाहेर जाणार नाही’ असं लागोपाठ दोन आठवडे झालं की पुढचं बघावंसंच वाटत नाही. उलट एकाच भागात तिघं गेले तरी काही वाटत नाही. असं का होतं?

उत्तर : मी 9 वर्षं असे भाग एडिट केलेत, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहे!

एकेक माणूस कमी झाला तरी धाकधूक आपसूक वाढते. 16 जणांतून एक जाणार असेल तर तुम्ही निवांत असता. चौघांतून एक जाणार म्हटल्यावर पाणी प्यायलाही उठत नाही. तिघांना एकदम काढलं की मात्र हळहळायलाही उसंत मिळत नाही. त्यातल्या दोघांची तर आपली नीट ओळखही झालेली नसते.

‘कोणीच जाणार नाही’ हा डाव एकदाच चालतो. तासभर जीव टांगणीला लावून शेवटी सोडून दिलं, की पुढच्या वेळी प्रेक्षक जीव लावतच नाही. खरं कारण असेल तर तो समजून घेतो. ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या केक-पाव भाजण्याच्या स्पर्धेत 2014 साली एक स्पर्धक आजारपणामुळे बाहेर पडली, म्हणून त्या आठवड्यात कुणालाच घरी पाठवलं नाही. ते पटण्यासारखंच होतं.

खरी गंमत शेवटच्या दोन मिनिटांत. अमेरिकी ‘सर्व्हायव्हर’मध्ये स्पर्धकच मतं देऊन एकमेकांना बाहेर काढतात. त्या मतांच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचतात, त्याही मुद्दाम लावलेल्या क्रमाने. एक याला, एक तिला, पुन्हा बरोबरी. बहुमत झालं की उरलेल्या चिठ्ठ्या उघडतच नाहीत. 2000 सालच्या पहिल्या पर्वाचा विजेता तर 4 विरुद्ध 3 मतांनी ठरला.

हे सगळं एडिटर एका फोटोने घालवू शकतो. पाच आठवडे ज्याला साधा क्लोजअप मिळाला नाही, त्याचं बालपण अचानक दाखवलं की समजावं, गडी चालला. माझ्या अशाच एका भागात धाकट्या बहिणीने निकालाच्या वीस मिनिटं आधी नाव सांगितलं, तेही मोबाइलमधून मान वर न काढता. तेव्हापासून जो बाहेर जाणार नाही त्याच्याही लहानपणाचा फोटो मी त्याच भागात घालू लागलो.