'युती' की 'सोयरीक'?

प्रश्न असा आहे : चौदाव्या शतकातला फ्रेंच उमराव सातवा आंगेराँ द कूसी याच्यावरच्या लेखात, घराण्याघराण्यांतल्या लग्नसंबंधांना 'युती' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. युती पक्षांची होते आणि मोडली की मोडली. सोयरीक जमते, आणि लेकरंबाळं झाल्यावर दोन्ही घरांनी तोंडं फिरवली तरी उरते. कूसीचंच बघा. इंग्रजांनी पकडलेल्या फ्रान्सच्या राजाच्या खंडणीपोटी १३६० मध्ये तो ओलीस म्हणून इंग्लंडला गेला. १३६५ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याची थोरली मुलगी इझाबेला हिच्याशी त्याचं विंडसरला लग्न लागलं. (नवरी वयाने चांगली सात-आठ वर्षांनी मोठी.) त्याची सुटका विनामोबदला झाली, वर बेडफर्डची अर्लकी, म्हणजे इंग्रजी सरदारकी, मिळाली. ओलीस गेलेला माणूस जावई होऊन परतला.

१३७७ मध्ये सासरा वारला. इंग्लंड-फ्रान्स युद्ध चालूच होतं. कूसीने नव्या राजाला, म्हणजे बायकोच्या भाच्यालाच, पत्र लिहून इंग्लंडची चाकरी सोडली, गार्टर या इंग्रजी सरदारी पथकाचा मानही परत केला. इथे 'युती तुटली' लिहिलंत तर वाचकाला वाटेल नातंच संपलं. पण धाकटी लेक फिलिपा इंग्लंडातच राहिली, ऑक्सफर्डच्या अर्लची बायको म्हणून. थोरली मारी फ्रान्सात बार या मुलखाच्या ड्यूकच्या घरात दिली. म्हणून 'चाकरी सोडली' लिहा, सोयरिकीला हात लावू नका.

आईकडच्या नात्याला मात्र 'आजोळ'च म्हणा. आई कॅथरीन ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्यातली. तिच्या वारशासाठी १३७५ मध्ये हा गडी भाडोत्री फौज घेऊन आल्सासमार्गे आजच्या स्वित्झर्लंडात घुसला. मार खाऊन परतला.

आणखी एक खाचखळगा : जुन्या मराठी कागदांत लग्नाच्या नात्याला 'शरीरसंबंध' म्हणत. शब्द अस्सल आहे, पण आज वापरलात तर वाचक भलतंच समजतील.

लेखाच्या शेवटी 'व्याही' हवाच. १३९६ मध्ये निकोपोलिसच्या लढाईत कूसी आणि मारीचा नवरा, असे सासरा-जावई दोघेही तुर्कांच्या कैदेत पडले. कूसी पुढच्या वर्षी बुर्सात वारला. त्या प्रसंगी बारच्या ड्यूकला 'मित्र' लिहू नका. मुलगा त्याचाही अडकला होता.