नवा परफॉर्मन्स रिअर अ‍ॅक्सल बसवल्यावर डावे चाक बाहेर आले, डिस्क घासते आणि गाडी थरथरते. कॅलिपरचे ब्रॅकेट ग्राइंड करावे का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण निदानाचा बराचसा भाग तिच्यातच आहे. मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या तुमच्या गाडीत वाढीव ताकदीचे इंजिन बसवल्यानंतर मूळ अ‍ॅक्सल टिकणार नाही, म्हणून तुम्ही फोर्डच्या नऊ इंची रचनेवर बनवलेला नवा, जाड नळ्यांचा अ‍ॅक्सल घेतला. तो ‘कोणताही बदल न करता थेट बसणारा’ आहे, असे विक्रेत्याने सांगितले होते. प्रत्यक्षात डावे चाक उजव्यापेक्षा ९ मिलिमीटर बाहेर आले, डावी ब्रेक डिस्क कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटला घासू लागली, उजवीकडे मात्र काही तक्रार नाही, आणि ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गाडीचा तळ थरथरतो. ब्रॅकेट ग्राइंडरने थोडे उतरवून घ्यावे, असे फिटरचे म्हणणे आहे.

माझे उत्तर ‘उतरवू नका’ असे आहे, आणि कारण कळेपर्यंत गाडी रस्त्यावरही आणू नका. ब्रॅकेट घासल्याने फक्त आवाज बंद होईल, डिस्क ज्या कारणाने जागा सोडून बाहेर आली ते कारण आत तसेच राहील. शिवाय ग्राइंडर किंवा वेल्डिंगचा डाग लागलेला भाग बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत, ही व्यावहारिक बाजूही आहेच.

तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन एकाच दोषाच्या आहेत आणि तिसरी बहुधा वेगळी आहे, असे मला वाटते. डिस्क अ‍ॅक्सल शाफ्टच्या फ्लँजवर (चाक ज्यावर बसते त्या टोकाच्या तबकडीवर) बसते, तर कॅलिपरचे ब्रॅकेट हाउसिंगच्या (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या न फिरणाऱ्या कवचाच्या) टोकावर. संपूर्ण हाउसिंग पाट्यांवर डावीकडे सरकले असते, तर डिस्क आणि ब्रॅकेट दोन्ही बरोबरच सरकले असते. चाक बाहेर दिसले असते, पण डिस्क घासली नसती. म्हणजे तुमच्याकडे डाव्या शाफ्टचा फ्लँज हाउसिंगच्या टोकापासून हवा त्यापेक्षा लांब उभा आहे. सगळी मापे याच अंतरापासून सुरू करा.

दोन्ही चाके, कॅलिपर आणि डिस्क काढा. हाउसिंगच्या टोकाच्या सपाट पृष्ठापासून शाफ्ट फ्लँजच्या बाहेरच्या पृष्ठापर्यंतचे अंतर डावीकडे आणि उजवीकडे व्हर्निअरने मोजा. या अंतराला ब्रेक ऑफसेट म्हणतात. फोर्ड पद्धतीच्या टोकांवर २.३६ इंच आणि २.५० इंच ही दोन मापे सर्रास आढळतात, आणि त्यांच्यातला फरक साधारण साडेतीन मिलिमीटरचा आहे. ब्रेकचा संच एका मापाचा आणि टोके दुसऱ्या मापाची असतील, तर डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही; पण तो दोष दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो आणि ब्रॅकेटखाली योग्य जाडीचे शिम (पातळ पत्रे) घालून किंवा ब्रॅकेट बदलून सुटतो. तुमच्याकडे एकच बाजू बिघडलेली असल्यामुळे दोन मापे वेगळी येतील, असा माझा अंदाज आहे.

ती वेगळी आली, तर डाव्या शाफ्टचे बेअरिंग हाउसिंगमधल्या खोबणीत तळापर्यंत गेलेले नाही, अशी सर्वांत जास्त शक्यता आहे. या रचनेत शाफ्ट आतून सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला नसतो. टोकाशी दाबून बसवलेले बेअरिंग आणि त्यावरची रिटेनर प्लेट हीच त्याला धरून ठेवतात. त्यामुळे रिटेनर प्लेट ब्रॅकेटवर सपाट टेकली आहे का, ते बॅटरी मारून नीट बघा. कुठे फट असेल, किंवा प्लेट कडांना मागे वाकून बशीसारखी झाली असेल, तर शाफ्ट नटांच्या जोरावर आत ओढण्याचा प्रयत्न झालेला आहे. फटीत वॉशर भरून नट आवळले असतील, तर हा प्रकार वरवर पाहताना सहज नजरेतून सुटतो.

यानंतर नट काढून शाफ्ट बाहेर घ्या आणि कोणतीही हातोडी न वापरता हाताने पुन्हा आत सरकवा. तो कसा अडतो, याकडे लक्ष द्या. शाफ्ट सहज जाता जाता शेवटचे काही मिलिमीटर शिल्लक असताना टणक ‘टक्’ असा आवाज होऊन थांबला आणि बेअरिंग अजून खोबणीत पुरते गेलेले नसेल, तर शाफ्टचे आतले टोक डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरसंचाच्या) मधल्या पिनवर किंवा ब्लॉकवर आपटते आहे. खात्री करण्यासाठी टोकावर मऊ क्लेचा पातळ थर लावा. बाहेर काढल्यावर थर चपटा झालेला दिसला, तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. याउलट शाफ्ट आवाज न करता खोबणीच्या तोंडाशीच घट्ट होऊन थांबला, तर बेअरिंगचा बाहेरचा व्यास मोजा. मोठ्या बेअरिंगच्या टोकांत तो ३.१५० इंच, म्हणजे ८० मिलिमीटर असतो, आणि लहान बेअरिंगच्या टोकांत २.८३५ इंच, म्हणजे ७२ मिलिमीटर. इतका मोठा फरक कोणाच्याही लक्षात यावा. त्यामुळे खोबणीच्या कडेवर राहिलेला धातूचा बारीक उंचवटा, रंगाचा थर किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने आलेली वक्रता यांतलेच काहीतरी सापडण्याची शक्यता अधिक. असा उंचवटा आणि रंग एमरी कागदाने निघतात. नळी वाकली असेल, तर हाउसिंग सरळ करण्याची सोय असलेल्या कार्यशाळेतच न्यावे लागते. घरच्या घरी तिला प्रेसखाली धरण्याचा मोह आवरावा.

शाफ्ट आत आपटण्याची कारणे दोन असू शकतात. एक म्हणजे डाव्या-उजव्या शाफ्टांची अदलाबदल. या प्रकारच्या अनेक हाउसिंगांत डिफरन्शियल अगदी मधोमध नसते, त्यामुळे एका बाजूची नळी आखूड असते आणि दोन शाफ्ट वेगळ्या लांबीचे असतात. लांब शाफ्ट आखूड बाजूला गेला, की तो आपटतो. अशा वेळी दुसऱ्या बाजूला आखूड शाफ्ट बसलेला असतो, आणि तो वरून निर्दोष दिसत असला, तरी त्याच्या स्प्लाइन (टोकावरचे लांबट दाते) डिफरन्शियलच्या साइड गियरमध्ये पुरेशा खोल गेलेल्या नसतात. जोरात क्लच सोडला, की दातांच्या थोड्याशा लांबीवर सगळा भार येतो आणि ते पिळवटतात किंवा तुटतात. म्हणून तक्रार नसलेली उजवी बाजूही उघडून पाहा: स्प्लाइनवर मार्किंगची निळी शाई लावा, शाफ्ट बसवून काढा आणि गियरच्या किती लांबीवर शाई पुसली गेली, ते तपासा. दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवून फ्लँजपासून टोकापर्यंतची आणि फ्लँजपासून बेअरिंगपर्यंतची लांबी लिहून ठेवा. दुसरे माप दोन्हींवर सारखे नसेल, तर बेअरिंगच चुकीच्या जागी दाबले गेले आहे.

दुसरे कारण डिफरन्शियलच्या प्रकाराशी निगडित आहे. स्पूलमध्ये (दोन्ही शाफ्ट एकत्र जखडणाऱ्या, डिफरन्शियलऐवजी वापरायच्या भागात) मध्यभागी पिन नसते, त्यामुळे स्पूलसाठी कापलेला थोडा जास्त लांब शाफ्ट तिथे बिनतक्रार बसतो. तोच शाफ्ट लिमिटेड स्लिप किंवा लॉकर प्रकारच्या (एकच चाक रिकामे फिरू न देणाऱ्या) डिफरन्शियलमध्ये मधल्या भागावर टेकतो. विक्रेत्याकडे हाउसिंग, शाफ्ट आणि मधला भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून येत असतील, तर असा घोळ होतो. ‘थेट बसणारा’ या शब्दांत सहसा फक्त पाट्यांच्या बैठकांमधले अंतर, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे कान आणि एकूण रुंदी एवढेच गृहीत धरलेले असते.

दोन्ही बाजूंचे ब्रेक ऑफसेट तंतोतंत सारखे निघाले, तर माझा अंदाज चुकीचा ठरेल आणि तुमची तक्रार दोन भागांत मोडेल. चाकाच्या फरकासाठी मग पाट्यांच्या बैठका पाहाव्या लागतील. पाट्यांच्या सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात बसते. भोक मोठे असेल, तर यू बोल्ट आवळताना हाउसिंग बाजूला सरकते. साडेचार मिलिमीटर सरकले, तरी दोन चाकांतला फरक नऊ दिसतो, हे ध्यानात असू द्या. हे माप मडगार्डपासून घेऊ नका, कारण जुन्या गाड्यांची बॉडी दोन्ही बाजूंना सारखी असतेच असे नाही. चॅसिसच्या दोन्ही बाजूंच्या एकसारख्या बिंदूंवरून ओळंबा सोडून फ्लँजपर्यंत मोजा. पिनियनला (गियरबॉक्सकडून येणारी ताकद डिफरन्शियलला देणाऱ्या लहान गियरला) मध्य मानणे तर पूर्णच चुकीचे, कारण डिफरन्शियल मधोमध नसू शकते, हे वर आलेच आहे. घासणाऱ्या डिस्कचे कारण या परिस्थितीत डाव्या ब्रॅकेटमध्येच, त्याच्या जाडीत किंवा वाकण्यात, शोधावे लागेल.

आता थरथर. प्रथम तिची जात ठरवा. ताशी ८० च्या पुढे गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि थरथर तशीच राहिली, तर ती इंजिनाची नाही. चाके किंवा प्रोपेलर शाफ्ट (गियरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा लांब दांडा) यांच्यापैकी एकाची आहे. ही चाचणी अर्थातच डावा शाफ्ट दुरुस्त झाल्यावरच करायची, कारण अर्धवट बसलेले बेअरिंगही थरथर देऊ शकते. नऊ इंची रचनेत पिनियन क्राउन व्हीलच्या (पिनियन ज्याला फिरवते त्या मोठ्या गियरच्या) मध्यापेक्षा सुमारे सव्वादोन इंच खाली असते, आणि इतर अनेक अ‍ॅक्सलांत हे अंतर दीड इंचाच्या आसपास असते. त्यामुळे अ‍ॅक्सल बदलला, की प्रोपेलर शाफ्टचा कोन आणि त्याची लागणारी लांबी, दोन्ही बदलतात. जुनाच शाफ्ट वापरला असेल, तर संशय आधी तिथे घ्यावा.

कोन मोजताना गाडी जॅकवर लटकवू नका. चाकांवर किंवा अ‍ॅक्सलखालच्या स्टँडवर पूर्ण वजन टेकलेले असावे. डिजिटल कोनमापकाने गियरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा, प्रोपेलर शाफ्टचा आणि पिनियनचा कोन मोजा. युनिव्हर्सल जॉइंट (प्रोपेलर शाफ्टच्या प्रत्येक टोकाचा वळणारा सांधा) कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. पुढच्या जॉइंटची ही चढउतार मागचा जॉइंट तेवढीच उलट करून पुसून टाकतो, पण दोन्ही कोन सारखे असले तरच. रस्त्यावरच्या गाडीत दोन कार्यकोनांतला (प्रत्येक जॉइंटच्या दोन बाजूंच्या शाफ्टांमधल्या कोनांतला) फरक एका अंशाच्या आत आणि प्रत्येक कोन तीन अंशांपेक्षा कमी ठेवावा. कमानपाट्यांच्या गाडीत जोर लावताच पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून ते उभ्या गाडीत एखाद-दोन अंश खाली झुकलेले ठेवण्याची पद्धत आहे. कोन दुरुस्त करण्यासाठी पाटे आणि बैठक यांच्यामध्ये निमुळत्या पाचरी घालतात. त्या पोलादी घ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या दबून झिजतात. बैठका सुट्या आल्या असतील आणि तुमच्याकडेच वेल्ड केल्या असतील, तर पुन्हा वेल्ड करण्याआधी डिफरन्शियल आणि शाफ्ट बाहेर काढून, थोडे थोडे, आलटून पालटून वेल्ड करावे, म्हणजे नळी वाकत नाही.

लांबीसाठी गियरबॉक्सच्या शेपटीत शिरणारा स्लिप योक (प्रोपेलर शाफ्टचे सरकते टोक) पाहा. तो पूर्ण आत ढकलल्यावर जिथे टेकतो, तिथून सामान्य उंचीवर साधारण २५ मिलिमीटर बाहेर असावा. त्यावर जुन्या सीलने घासून पाडलेली चकचकीत पट्टी दिसेल. आताचे सील त्या पट्टीपासून किती दूर आहे, एवढ्यावरून शाफ्ट आखूड पडतो आहे की लांब, ते कळते. फार बाहेर आलेला योक बुशमध्ये झोल घेतो आणि अशीच थरथर देतो. फार आत गेलेला योक खड्ड्यात गियरबॉक्सला आतून ठोसा मारतो. जॉइंटच्या क्रॉसची (अधिक चिन्हासारख्या मधल्या तुकड्याची) मापेही तपासा. १३१० आणि १३३० मालिकांच्या टोप्यांचा व्यास सारखाच, १.०६२ इंच असतो, पण रुंदी अनुक्रमे ३.२१९ आणि ३.६२५ इंच असते. दोन वेगळ्या योकांना जोडणारे मिश्र क्रॉस मिळतात, तेच वापरा. टोपीमागे वॉशर घालून रुंदी भरून काढणे धोक्याचे आहे.

डिस्क परत बसवताना तिचे मधले भोक फ्लँजच्या उंचवट्यावर अडत नाही ना, तेही पाहून घ्या. डिस्क हाताने पूर्ण सपाट टेकली पाहिजे आणि मागे ०.०५ मिलिमीटरचे फीलर पातेही कुठे शिरता कामा नये. नटांनी ओढून टेकवलेली डिस्क वाकडी फिरते आणि ब्रेक पेडल थरथरते.

विक्रेत्याला लिहिताना ‘बसत नाही’ एवढेच लिहू नका. दोन्ही बाजूंचे ब्रेक ऑफसेट, दोन्ही शाफ्टांची एकूण लांबी, स्प्लाइनची संख्या, बेअरिंगचा व्यास आणि क्लेवर उमटलेल्या ठशाचे छायाचित्र पाठवा, आणि बसवलेल्या डिफरन्शियलचा प्रकार सांगून त्यासाठी शाफ्टची लांबी किती हवी, हे त्यांच्याकडूनच लेखी मागा. बदली शाफ्ट आल्यावर रिटेनर प्लेट, सील आणि दाबून बसवलेले बेअरिंग जुनेच वापरू नका. नटांच्या जोरावर ओढले गेलेले बेअरिंग वरून गुळगुळीत फिरत असले, तरी ते मी स्वतः कधी परत बसवणार नाही.