वाचकांचे प्रश्न : शिडाच्या बोटींचा खेळ आणि त्यांचा व्यापार

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई शिकागोजवळ राहतात. मिशिगन सरोवरावर ते हल्ली शिडाची बोट चालवायला शिकत आहेत. त्यांच्या बोलण्यात ‘सेल अमेरिका’ या संस्थेचे नाव आले. ही बोटी बांधणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची संघटना आहे, असे कळते. खेळाचा प्रसार करायला खेळाचा महासंघ असतोच. मग व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्यात का पडावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपण म्हणता त्याप्रमाणे या दोन वेगळ्या संस्था आहेत. ‘यूएस सेलिंग’ हा अमेरिकेतील खेळाचा महासंघ असून त्याची मुळे 1897 पर्यंत जातात. स्पर्धांचे नियम, पंच, प्रशिक्षकांची प्रमाणपत्रे आणि ऑलिंपिकचा संघ ही त्याची कामे आहेत. ‘सेल अमेरिका’ 1990 मध्ये स्थापन झाली. नफा न कमावण्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या या संघटनेत बोटी बांधणारे, शिडे शिवणारे, डोलकाठ्या व दोर पुरवणारे, बोटी भाड्याने देणारे आणि प्रशिक्षण देणाऱ्या शाळा चालवणारे असे सगळे एकत्र येतात. मात्र या मंडळींना खेळाच्या प्रसाराची इतकी निकड का वाटावी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

1959 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पिअर्सन नावाच्या दोन चुलत भावांनी ‘ट्रायटन’ ही सुमारे साडेअठ्ठावीस फूट लांबीची फायबरग्लासची बोट मांडली. तिची किंमत दहा हजार डॉलरच्या आत होती, आणि पूर्वी श्रीमंतांच्या आवाक्यातली वस्तू त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारात आली. त्या एका प्रदर्शनात एवढी मागणी नोंदवली गेली, की भावांचा छोटा कारखाना मोठा उद्योग झाला. पुढची दोन दशके या धंद्याला भरतीची गेली. परंतु ज्या गुणामुळे फायबरची बोट खपली, त्याच गुणाने पुढे कारखानदारांची कोंडी केली : ती कुजत नाही. लाकडी बोटीला डागडुजी केली नाही तर काही वर्षांत ती निकामी होते. फायबरचा सांगाडा मात्र तीस-चाळीस वर्षांनंतरही पाण्यात तसाच उभा असतो. साहजिकच नवी बोट विकायला निघालेल्या कारखानदाराची गाठ स्वतःच्याच जुन्या बोटीशी पडते, आणि ती निम्म्याहून कमी किमतीत मिळत असते. अशा बाजारात असलेल्याच ग्राहकांच्या मागे धावून काही साधत नाही. पाण्यावर येणारी माणसे वाढवावी लागतात. माझ्या मते या संघटनेच्या अस्तित्वाचे खरे कारण हेच आहे, आणि त्यात परोपकाराचा आव आणण्याची गरज नाही.

त्यातच 1991 च्या जानेवारीपासून अमेरिकी सरकारने एक लाख डॉलरपेक्षा महाग बोटींच्या किमतीतील लाखावरच्या रकमेवर 10 टक्के चैनीचा कर लावला. श्रीमंतांनी बोट घेणे पुढे ढकलले आणि काम गेले ते सुतारांचे, शिडे शिवणाऱ्यांचे, रंगाऱ्यांचे. पिअर्सनचा कारखानाही 1991 मध्येच दिवाळखोरीत निघाला, अर्थात त्याच्या अडचणी जुन्या होत्या. हा कर 1993 मध्ये रद्द झाला. सरकारसमोर या कारागिरांची बाजू एका आवाजात मांडायला उद्योगाची संघटना का लागते, हे त्या दोन-अडीच वर्षांनी दाखवून दिले.

‘सेल अमेरिका’ने ‘स्ट्रिक्टली सेल’ या नावाने शिकागो, मायामी आणि ओकलंड येथे फक्त शिडाच्या बोटींची प्रदर्शने भरवली. शिकागोचे प्रदर्शन ऐन हिवाळ्यात नेव्ही पिअर या धक्क्यावरील बंदिस्त दालनात होत असे. तेथे बोटींच्या बरोबरीने व्याख्याने असत : दोराची वीण कशी घालावी, डिझेल इंजिनची काळजी कशी घ्यावी, लांबच्या सफरीसाठी शिधा कसा भरावा. ‘डिस्कव्हर सेलिंग’ या उपक्रमात कधीही बोटीत न बसलेल्या माणसाला विनामूल्य फेरी दिली जाई. मला हा उपक्रम सर्वांत मोलाचा वाटतो. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते, शीड फडफडू लागले की दोर ओढून घ्यायचा, वाऱ्याचा जोर वाढला की तोच दोर सैल सोडायचा, या तीन गोष्टी पहिल्या पंधरा मिनिटांत हाताला कळतात. त्या एकदा कळल्या की माणूस परत येतो. कितीही चकचकीत माहितीपत्रकाने हे साधत नाही.

प्रश्न : व्यापाऱ्यांच्या हाती खेळ गेला तर तो बिघडणार नाही का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ही भीती निराधार नाही. ब्रूस कर्बी या कॅनडातील रचनाकाराची ‘लेझर’ ही एका माणसाने चालवायची छोटी बोट 1971 मध्ये बाजारात आली आणि 1996 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. सर्वांच्या बोटी अगदी एकसारख्या असाव्यात, म्हणजे जिंकणे किंवा हरणे खलाशाच्या कौशल्यावरच ठरेल, हे या प्रकाराचे तत्त्व आहे. त्यासाठी ठरावीक परवानाधारक कारखान्यांतूनच सांगाडा, शीड आणि डोलकाठी घ्यावी लागते. खेळाडूंची संघटना आणि एक मोठा उत्पादक यांच्यात कारखान्याच्या तपासणीवरून वाद विकोपाला गेला, आणि नावाचा हक्क स्वतःकडे नसल्याने 2019 मध्ये खेळाडूंच्या संघटनेला बोटीचे नावच बदलावे लागले. आज तिला ‘इल्का’ (खेळाडूंच्या संघटनेच्याच इंग्रजी नावाची आद्याक्षरे) म्हणतात. आपली नेत्रा कुमनन ‘इल्का 6’ मध्ये आणि विष्णू सरवणन ‘इल्का 7’ मध्ये शर्यतीत उतरतात, त्या याच बोटी होत; शिडांचे आकार मात्र वेगळे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, व्यापारी संघटनेने माणसे पाण्यावर आणावीत, प्रदर्शने भरवावीत, सरकारशी बोलावे. बोटीचे माप आणि स्पर्धेचा नियम यांना मात्र तिचा हात लागू नये. ‘सेल अमेरिका’ आणि ‘यूएस सेलिंग’ या दोन वेगळ्या संस्था असणे मला त्यामुळेच योग्य वाटते.

प्रश्न : आपल्याकडे एवढा मोठा किनारा असून हा उद्योग का वाढत नाही? माझ्या दहा वर्षांच्या नातवाला हा खेळ शिकवायचा आहे. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भारतात या खेळाचा भार मुख्यतः सैन्यदलांनी वाहिला आहे. खेळाचा महासंघ म्हणजे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया; आपले बहुतेक नामवंत खेळाडू लष्कर आणि नौदलाच्या केंद्रांतून घडले. कारागिरीची उणीव आपल्याकडे आहे, असे मला वाटत नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही 56 फुटी बोट बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसे करणारे ते पहिले भारतीय. नंतर अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता तीच परिक्रमा पूर्ण केली. महिला नौदल अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ही तेथेच बांधली गेली. परंतु या दोन्ही बोटी नौदलासाठी होत्या. एकाच मोठ्या ग्राहकाच्या मागणीवर उद्योग उभा राहत नाही, त्याला शेकडो छोटे ग्राहक लागतात, आणि ते क्लबांच्या धक्क्यावर तयार होतात.

त्या दृष्टीने लहान मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ ही बोट मला आपल्या किनाऱ्यासाठी सर्वांत उपयुक्त वाटते. फ्लोरिडातील क्लार्क मिल्स यांनी 1947 मध्ये तिचा आराखडा केला, तेव्हा प्लायवूडच्या आठ फुटी पत्र्यांतून ती बांधता यावी ही अट होती. म्हणून तिची लांबी 7 फूट 9 इंच आहे. स्पर्धेत आज फायबरच्या बोटी वापरतात. सरावापुरत्या प्लायवूडच्या बोटी कोकणातील आपला सुतार सहज बांधू शकेल, आणि एका खाडीत अशा आठ-दहा बोटी असतील तर तेथे शाळाच सुरू होईल. बोटी बांधणारे, मुलांना शिकवणारे आणि होडीचे धंदेवाले यांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या नातवाचे वय ऑप्टिमिस्टसाठी उत्तम आहे. या बोटीत पंधराव्या वर्षापर्यंत स्पर्धा खेळता येतात. त्याला आधी पोहायला शिकवा. पाण्यात उतरताना अंगात लाइफ जॅकेट असलेच पाहिजे, यावर क्लब ठाम आहे की नाही हे स्वतः जाऊन पाहा. मुंबईत पावसाळा सरल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून, हंगाम सुरू होतो. गोव्यात दोना पावलाच्या परिसरात गोवा यॉटिंग असोसिएशनचे काम चालते. सुट्टीत दोन्ही ठिकाणी एकेक दिवस घालवून पाहावा आणि मुलगा जेथे रमेल तेथे नाव घालावे. बोट विकत घेण्याची घाई पहिल्या हंगामात करू नये. क्लबच्या बोटीवरच शिकू द्यावे.